जोडण्याची घाई

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये बाहेर पडली. सी++ मधल्या बऱ्याच सोयी या मंडळींनी विचारपूर्वक गाळल्या, कारण त्या सोयींमुळे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे अवघड होते असा त्यांचा अनुभव होता. गाळलेल्या सोयींपैकी एक म्हणजे चिन्हांना आपल्या मनाप्रमाणे अर्थ देण्याची मुभा. सी++ मध्ये प्रोग्रामर स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टसाठी बेरजेच्या चिन्हाने काय करायचे ते ठरवू शकतो, जावामध्ये ते जमत नाही. पण नियम घालणाऱ्यांनी स्वतःपुरता एक अपवाद राखून ठेवला. + च्या दोन बाजूंपैकी एका बाजूला जरी स्ट्रिंग असली, म्हणजे अक्षरांची माळ असली, तरी तिथे बेरीज होत नाही, जोडणी होते. ही सवलत मिळालेला जावातला हा एकटाच वर्ग आहे. मजकूर जोडणे हे प्रोग्रामरचे रोजचे काम, तेव्हा ही सवलत मागाहूनही कोणाला खुपली नाही. तरीही तिच्यातून एक सवय लागली आणि त्या सवयीबद्दल हे प्रकरण आहे. दोन आकड्यांची बेरीज संगणकाला जवळजवळ फुकट पडते. तेच चिन्ह दोन स्ट्रिंगांमध्ये दिसले की तीही फुकट वाटू लागते, आणि मग हाताशी तुकडा आला की तो जोडून मोकळे व्हायचे, अशी घाई अंगवळणी पडते.

जोडणी फुकट का नाही हे कळायला जावाच्या स्ट्रिंगचा स्वभाव पाहावा लागतो. ही स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. तिच्यात अक्षर घालता येत नाही, काढता येत नाही. जोडल्यासारखे दिसते तेव्हा प्रत्यक्षात मेमरीत तिसरी, नवी स्ट्रिंग तयार होते आणि दोन्ही जुन्यांतली अक्षरे तिच्यात उतरवली जातात. यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मग बदलणारी स्ट्रिंग का नाही दिली? सी++ ची स्ट्रिंग बदलते, तिच्या शेपटाला अक्षरे चिकटवता येतात आणि तिथले लोक सुखात आहेत. उत्तर असे की न बदलण्यातून मिळणारा फायदा जोडणीच्या खर्चाहून मोठा आहे. एकाच वेळी चालणारे दहा धागे तीच स्ट्रिंग कुलूप न लावता वाचू शकतात. शब्दकोशासारख्या रचनेत स्ट्रिंग ही किल्ली म्हणून वापरली तर ती मागाहून बदलून नोंद हरवण्याचा धोका उरत नाही. फाइलचा पत्ता सुरक्षिततेसाठी तपासल्यावर आणि फाइल उघडण्याआधी, मधल्या क्षणात कोणी तो पत्ता बदलू शकत नाही. या तिन्ही गोष्टी जावासारख्या, नेटवर्कवरून आलेला परका कोड चालवण्याच्या इराद्याने बनलेल्या भाषेला आवश्यकच होत्या. न बदलणारी स्ट्रिंग हा निर्णय बरोबर होता. जोडणीची किंमत त्या निर्णयाबरोबर आली आहे.

ही किंमत किती, याचा हिशोब शाळेतल्या गणिताने होतो. दहा हजार तुकडे आहेत, प्रत्येक दहा अक्षरांचा. लूपमध्ये एकेक तुकडा घेऊन तो आतापर्यंतच्या मजकुराला + ने जोडत गेलो, तर पहिल्या फेरीत दहा अक्षरे लिहिली जातील, दुसरीत वीस, तिसरीत तीस आणि शेवटच्या फेरीत एक लाख. यांची बेरीज होते ५० कोटी ५० हजार. हाती आलेला मजकूर मात्र एक लाख अक्षरांचाच आहे. कीर्दवहीत नवी नोंद करायची म्हणून दरवेळी मागची सगळी पाने नव्या वहीत उतरवून काढणारा कारकून जेवढे काम करील, तेवढे हे काम. तुकडे दुप्पट झाले तर काम चौपट होते. म्हणूनच असा कोड चाचणीच्या वेळी पकडला जात नाही. पन्नास नोंदींवर तो झटक्यात चालतो आणि प्रत्यक्ष वापरात पन्नास हजार नोंदी आल्यावर गुडघे टेकतो.

यावरचा इलाज म्हणजे स्ट्रिंगबिल्डर नावाचा वर्ग. तो जावाच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ मध्ये आला. त्याआधी त्याचाच मोठा भाऊ स्ट्रिंगबफर होता, पण तो प्रत्येक वेळी कुलूप लावून काम करायचा, आणि एकाच धाग्याच्या कामात त्या कुलपाचा काही उपयोग नसे. स्ट्रिंगबिल्डर सुरुवातीला सोळा अक्षरांची जागा घेतो आणि ती भरली की दुप्पट अधिक दोन एवढी नवी जागा घेऊन जुनी अक्षरे तिकडे हलवतो. म्हणजे सोळाचे चौतीस, चौतीसचे सत्तर, असे. एक लाखाच्या पुढे पोचायला या हिशोबाने तेरा वेळाच जागा बदलावी लागते. हलवलेली, नव्याने घातलेली आणि शेवटी स्ट्रिंग करताना उतरवलेली अशी सगळी अक्षरे मोजली तरी ती साडेतीन लाखांच्या आत राहतात. पन्नास कोटींच्या जागी साडेतीन लाख. पुस्तकांतून हे वेगाची युक्ती म्हणून शिकवले जाते आणि विद्यार्थी तेवढेच लक्षात ठेवतात. स्ट्रिंगबिल्डर नेमके काय करतो ते पाहिले तर निराळेच काही दिसते. जोडणी तोही करतोच, पण ‘आता झाले, हा पक्का मजकूर’ हे म्हणायची वेळ तो पुढे ढकलतो. पक्की, न बदलणारी स्ट्रिंग तो एकदाच, शेवटी बनवतो. माझा मुद्दा असा आहे की मजकूर जोडण्याच्या कामात चांगली म्हणता येईल अशी जवळजवळ प्रत्येक सुधारणा याच जातीची आहे. तुकडे तुकडेच राहू द्यायचे, आणि शक्य तितक्या उशिरा, ज्याला सगळे चित्र दिसते त्याने ते जोडायचे.

इथे जाणकार वाचक हात वर करील. आता हे सगळे कंपायलरच करतो, मग प्रोग्रामरने डोके का शिणवायचे? आक्षेप अर्धा खरा आहे. जावाचा कंपायलर फार पूर्वीपासून एका ओळीतल्या + चे रूपांतर आपण होऊन आधी स्ट्रिंगबफरच्या आणि पुढे स्ट्रिंगबिल्डरच्या वापरात करत आला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. अलेक्से शिपिल्योव यांच्या पुढाकाराने झालेल्या या बदलात कंपायलरने जोडणी कशी करायची ते ठरवणेच सोडून दिले. तो एवढेच नोंदवतो की या ठिकाणी अमुक प्रकारचे इतके तुकडे जोडायचे आहेत. प्रोग्राम चालू झाल्यावर, ती ओळ पहिल्यांदा गाठली की, त्या वेळच्या जावा यंत्रणेला जी पद्धत उत्तम वाटेल ती निवडली जाते. सगळ्या तुकड्यांची लांबी आधी मोजून एकदाच नेमकी जागा घेता येते, चुकून जास्त घेतलेली जागा वाया जात नाही. शिवाय पुढच्या आवृत्तीत आणखी चांगली पद्धत सापडली तर जुना प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करताही तिचा लाभ घेतो. कंपायलर लिहिणाऱ्यांनीही निर्णय पुढे ढकलूनच फायदा मिळवला, हे आपल्या मुद्द्याच्या बाजूचे आहे. पण ही सगळी हुशारी एका विधानापुरती. लूपची प्रत्येक फेरी हे वेगळे विधान असते, आणि मागच्या फेरीत पक्की झालेली स्ट्रिंग पुढच्या फेरीत पुन्हा उतरवावीच लागते. पन्नास कोटींचा हिशोब नवव्या आवृत्तीतही तसाच राहतो.

दुसऱ्या काही भाषांनी इथेही मजल मारली आहे. क्रोम ब्राउझरमधले व्ही८ हे जावास्क्रिप्टचे इंजिन दोन मोठ्या स्ट्रिंगा जोडताना अक्षरे उतरवतच नाही. ‘हा डावा भाग, हा उजवा भाग’ अशी नोंद करून ते थांबते, आणि कोणी अक्षरे मागितली की मगच सलग माळ बनवते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या हान्स बोएम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘रोप’ या रचनेच्या घराण्यातलीच ही कल्पना. पायथनच्या मुख्य अवतारातही २००४ पासून एक सवलत आहे. जुन्या स्ट्रिंगकडे दुसऱ्या कोणाची नजर नसेल तर ती जागच्या जागी वाढवली जाते. पण पायथनची अधिकृत लेखनशैली सांगणारा दस्तऐवजच बजावतो की या सवलतीवर विसंबू नका, तुकड्यांची यादी करा आणि शेवटी एकदम जोडा. सवलत यंत्रणेच्या एका अवताराची आहे, भाषेने दिलेली हमी नव्हे, हे त्यामागचे कारण.

यावरून लूपबाहेरचा + सुद्धा टाकून द्यावा, असे मात्र नाही. काही कार्यालयांत तसा फतवाच असतो आणि मग दोन शब्द जोडायला पाच ओळींचा स्ट्रिंगबिल्डर लिहिला जातो. तो वाचायला त्रासदायक आहे, आणि नवव्या आवृत्तीनंतर बरेचदा + हून संथही. कोडमध्ये ‘महा’ + ‘राष्ट्र’ असे दोन ठरलेले तुकडे लिहिले तर कंपायलर ते कंपाइल करतानाच एक करून टाकतो, प्रोग्राम चालताना काहीच खर्च होत नाही. एका ओळीत सगळे तुकडे समोर असतील तर + हीच सर्वांत स्वच्छ रीत. घाई तिथे नाहीच, कारण पुढे यायचे काही उरलेले नाही.

विलंबालाही किंमत असते, आणि ती जावाने स्वतः मोजली आहे. नवव्या आवृत्तीतल्या नव्या पद्धतीत एक बारीक चूक शिरली होती. समजा एका स्ट्रिंगबिल्डरमध्ये ‘पुणे’ आहे. एकाच ओळीत आधी रिकामी स्ट्रिंग, मग तो बिल्डर आणि मग त्याच बिल्डरला ‘कर’ चिकटवण्याची क्रिया, असे तिघे + ने जोडले. भाषेच्या नियमाप्रमाणे काम डावीकडून उजवीकडे व्हायला हवे, म्हणजे उत्तर ‘पुणेपुणेकर’. पण नवी यंत्रणा सगळे तुकडे आधी गोळा करायची आणि त्यांचा मजकूर मागाहून काढायची. तोवर मधला तुकडाही बदललेला असायचा, कारण दोन्हीकडे तोच बिल्डर. उत्तर यायचे ‘पुणेकरपुणेकर’. ही चूक सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एकोणिसाव्या आवृत्तीत दुरुस्त झाली. त्यामुळे मुद्द्याला एक अट जोडावी लागते: पुढे ढकलायची ती जोडणी. मधल्या काळात बदलू शकणारे तुकडे असतील तर त्यांचा मजकूर त्या क्षणीच टिपून ठेवला पाहिजे.

इथवर फक्त वेग आणि मेमरी यांचा विचार झाला. ‘आजचे संगणक वेगवान आहेत, एवढा हिशोब कशाला’ असे म्हणणाऱ्याला इथवरचे सगळे सोडून देता येईल, आणि शंभर नोंदींच्या प्रोग्रामपुरते त्याचे म्हणणे मान्यही आहे. पण जोडणीने आणखी एक गोष्ट जाते, आणि कितीही वेगवान यंत्र ती परत आणू शकत नाही. जोडल्यावर सांधा दिसत नाही. कोणता तुकडा प्रोग्रामरने लिहिला होता आणि कोणता बाहेरच्या माणसाने टाइप केला होता, याची एक लाख अक्षरांच्या माळेत कुठेही नोंद राहत नाही.

उदाहरणार्थ, डेटाबेसला विचारायचा प्रश्न एसक्यूएल भाषेत लिहितात, आणि त्यात नाव, गाव अशा किमती एकेरी अवतरण चिन्हांत घालतात. प्रोग्रामरने प्रश्नाचा पहिला भाग, वापरणाऱ्याने टाइप केलेले आडनाव आणि प्रश्नाचा उरलेला भाग असे + ने जोडले. कुलकर्णी आणि शिंदे यांचे काम सुरळीत होते. मग गोव्याचे किंवा वसईचे कोणी डिसोझा येतात. रोमन लिपीत हे आडनाव बरेच जण ‘डी’ नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. ती अपॉस्ट्रॉफी आणि एसक्यूएलचे एकेरी अवतरण हे एकच चिन्ह आहे. डेटाबेसला वाटते आडनाव ‘डी’ वरच संपले, आणि पुढची अक्षरे तो आज्ञा म्हणून वाचायला जातो. डिसोझांच्या पदरी पडते ती ‘त्रुटी आली’ अशी पाटी. तेच चिन्ह कोणी मुद्दाम टाइप करून त्यामागे खरीखुरी आज्ञा लिहिली, तर दुसऱ्यांची खाती वाचता येतात किंवा पुसता येतात. या हल्ल्याचे जाहीर वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात झाले. गंमत म्हणा की खेद, जावाने त्यावरचे औषध १९९७ मध्येच, १.१ या आवृत्तीत, देऊन ठेवले होते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट या सोयीत प्रश्नाच्या सांगाड्यात किमतीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात आणि किंमत वेगळी देतात. डेटाबेसच्या दृष्टीने सांगाडा सांगाडा राहतो आणि डिसोझा हे एक आडनाव राहते. औषध आधी आले, रोग मागून जाहीर झाला, आणि तरीही रोग अजून गेलेला नाही. + टाइप करायला सोपा पडतो, हे त्याचे मुख्य कारण आहे असे मला वाटते.

‘मग आम्ही अवतरण चिन्ह आधीच गाळून टाकू’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो दोनदा चुकतो. डिसोझांचे आडनाव बदलण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि कोणते चिन्ह घातक हे मजकूर कुठे जाणार यावर ठरते: एसक्यूएलमध्ये अवतरण, वेबपानात कोनी कंस, आणखी कुठे आणखी काही. तुकडा आत येतो तेव्हा तो पुढे कुठे जाणार हे माहीत नसते. बाहेर पडताना ते माहीत असते, आणि तोवर तुकडा वेगळा राहिला असेल तरच त्याला योग्य वागणूक देता येते. डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीला आलेले लॉगफोरजे या जावा लायब्ररीचे प्रकरण याची सर्वांत महागडी साक्ष. प्रोग्राममधल्या घडामोडींची नोंद करणाऱ्या या लायब्ररीत साचा आणि किमती वेगवेगळ्या द्यायची चांगली सोय होती, आणि सावध प्रोग्रामर ती वापरतही होते. पण लायब्ररी आत दोन्ही जोडायची, आणि जोडलेल्या मजकुरात डॉलर चिन्ह आणि महिरपी कंसांत काही दिसले तर ते सूचना समजून पाळायची. जोडल्यावर सांधा उरला नाही, त्यामुळे कुणा अनोळखी माणसाने वेब फॉर्ममध्ये टाइप केलेली सूचनाही पाळली गेली. तिच्यातून दूरच्या सर्व्हरवरचा कोड आणून चालवता येई. या दोषाला धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळाले. २.१६.० या आवृत्तीत संदेशातल्या सूचना पाळण्याची ती सोयच काढून टाकण्यात आली.

आपल्या भाषेपुरता आणखी एक दाखला आहे, तो सुरक्षिततेचा नाही, व्याकरणाचा आहे. तिकिटाच्या ॲपमधले संदेश आधी इंग्रजीत लिहिले जातात आणि मग त्यांतल्या तुकड्यांचे भाषांतर होते. शहराचे नाव एक तुकडा, ‘ला जाणारी बस’ दुसरा. नाशिक + ला चालते, मुंबई + ला चालते. पुणे + ला केले की मराठी माणूस थबकतो, कारण विभक्तीप्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप होते: पुण्याला, साताऱ्याला, गोव्याला. आकडा आणि ‘रुपये’ जोडले तर एकच असल्यावर ‘१ रुपये’ छापले जाते. + ला व्याकरण कळत नाही, कळायची अपेक्षाही नाही. जावाच्या त्याच १.१ आवृत्तीत मेसेजफॉरमॅट हा वर्गही आला होता. त्यात अख्खे वाक्य साचा म्हणून राहते, किमतींच्या जागा क्रमांकांनी दाखवतात, आणि भाषांतरकार मराठी वाक्यरचनेप्रमाणे त्या जागा पुढेमागे करू शकतो. एकवचन-अनेकवचनाचीही व्यवस्था होते. सामान्यरूपाचा प्रश्न तो आपोआप सोडवत नाही, हे खरे. त्यासाठी प्रत्येक शहराचे सामान्यरूप वेगळे साठवावे लागते किंवा ‘गंतव्य: पुणे’ असे प्रत्ययाविना लिहावे लागते. पण तो निर्णय मराठी जाणणाऱ्या माणसाच्या हाती येतो. आधीच जोडून आलेल्या तुकड्यांत त्याला हात घालायला जागाच नसते.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप वाचनीयतेचा. + वापरलेली ओळ डोळ्यांना सलग दिसते, तर साचा एकीकडे आणि किमती दुसरीकडे ठेवल्या की कोणती किंमत कुठे बसते ते बोट ठेवून पाहावे लागते. हा आक्षेप जावाच्या कर्त्यांनाही पटला होता. सप्टेंबर २०२३ मधल्या एकविसाव्या आवृत्तीत त्यांनी स्ट्रिंग टेम्प्लेट ही सोय चाचणीसाठी दिली. लिहिताना किंमत वाक्यातच घालायची, पण भाषा आतून साचा आणि किमती वेगळ्या ठेवणार आणि त्यांचे काय करायचे ते दुसऱ्या ऑब्जेक्टवर सोपवणार. वाचायला + सारखे, वागायला प्रिपेअर्ड स्टेटमेंटसारखे. बाविसाव्या आवृत्तीत ती पुन्हा चाचणीसाठी आली. पण रचना मनासारखी होईना, म्हणून सप्टेंबर २०२४ मधल्या तेविसाव्या आवृत्तीतून कर्त्यांनी ती मागे घेतली. अर्धवट सोय कायमची गळ्यात बांधून घेण्यापेक्षा हे शहाणपणाचे झाले, असे माझे मत. तोवर वाचनीयतेची तक्रार खरी आहे आणि ती सोसण्याजोगी आहे.

तुमच्या हाताखाली जावाचा एखादा जुना प्रोग्राम असेल तर त्यात दोन ठिकाणी + शोधा: लूपच्या आत, आणि डेटाबेसच्या प्रश्नाच्या आत. पहिल्या ठिकाणी प्रोग्राम रेंगाळतो, दुसऱ्या ठिकाणी तो परक्याच्या हाती जातो. दुसरे ठिकाण आधी दुरुस्त करा.